झाडलेल्या जागा

नव्या फोनच्या मते रंजू अजून कुठेच गेली नव्हती. पडद्यावर भंडाऱ्याच्या बाजारातल्या या मोबाइलच्या दुकानावर एक निळा ठिपका होता, आणि खाली, जिथं तिची आठ वर्षांची येणीजाणी तारीखवार दिसायला हवी होती, तिथं दाखवण्यासारखं काही नाही एवढाच निरोप. रोज सकाळी सहाला घराबाहेर पडून पंधरा-पंधरा घरी लोकांच्या दंडाला पट्टी बांधत हिंडणाऱ्या, पॅथॉलॉजीवाली ताई म्हणून अर्ध्या गावाला ठाऊक असलेल्या बाईला अडतिसाव्या वर्षी असं तोंडावर सांगणं म्हणजे जरा जास्तच झालं. तिने मागची तारीख दाबली. काही नाही. त्याच्या मागची दाबली. काही नाही. गेल्या वर्षीचा एक रविवार तिला पाठ होता, तो काढला, तिथंही पांढरं. काउंटरवर तिचा जुना फोन पालथा पडला होता. त्याची बॅटरी फुगून पाठ उचलली गेली होती, म्हणून तो सरळ न बसता एका बाजूला कलला होता. राजकुमारने, म्हणजे दुकानदाराने, त्याचं सिम काढून नव्यात घातलं होतं आणि आता तो हात पुढे करून उभा होता.

"सगळं आलं ना, ताई? फोटो आले, नंबर आले, व्हॉट्सॲप आलं. आता जुन्याचा पिन सांगा, पुसून टाकतो."

"मॅपमधलं नाही आलं," रंजू म्हणाली.

"मॅप तर हाय त्याच्यात. आधीच टाकून येते."

"मॅप हाय. मी कुठं कुठं गेली होती, ते नाही."

राजकुमारने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. बाई काही अडचणीचं बोलली की दुकानदार नवऱ्याकडे पाहतात. जणू बाईचं मॅन्युअल नवऱ्याकडे असतं. "ते येत नाही, ताई. आन् पायजे कायले? कुठं जायचं ते मॅप सांगते. कुठं गेलो होतो ते माणसाले आठवतेच ना."

धनराज हसला. तो शाळेतला मास्तर, शनिवारची सकाळची शाळा करून थेट दुकानात आला होता, आणि हा फोन त्याने आठवडाभर चार दुकानं फिरून बायकोसाठी निवडला होता. हे सगळं रंजूला दिसत होतं. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हेही दिसत होतं. "देऊन टाक ना, रंजू," तो म्हणाला. "फुगलेली बॅटरी घरात ठेवणं बरं नाही. कधी फुटन सांगता येत नाही."

"बॅटरी बदला मंग."

"सीलबंद हाय," राजकुमार म्हणाला. "उघडला तर स्क्रीन जाते. आन् आता चार्जिंगले बिलकुल लावू नोका. जेवढी उरली तेवढीच." त्याने फोन उलटवून दाखवला. बावीस टक्के.

आठवतेच ना. हे शब्द तिला दाताखाली आलेल्या खड्यासारखे लागले. आठवलं असतं तर हवं कशाला होतं? राजकुमारचं बोट जुन्या फोनच्या कडेवर होतं, पिन ऐकायला तयार, आणि तिच्या एकदम लक्षात आलं की चार आकडे तोंडातून निघायचा अवकाश, बाप दुसऱ्यांदा जाईल. तिने फोन त्याच्या बोटाखालून ओढला, पर्समध्ये टाकला आणि दुकानाची पायरी उतरली.

"कुठं चालली?" धनराज मागून म्हणाला.

"ते मागून मॅपमध्ये दिसन," रंजू म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली.

खांब तलावाच्या काठावर दुपारी फारसं कुणी नसतं. ती सावलीतल्या बाकावर बसली आणि मग तिला आपला गाढवपणा कळला. नवा फोन काउंटरवर राहिला होता आणि सिम त्याच्यात. हातातल्या जुन्याला नेट नव्हतं. मॅपच्या वरच्या कोपऱ्यात ढगाचं एक चिन्ह होतं. त्याच्यावर टेकलं की सगळी नोंद वर जाऊन बसते आणि नव्या फोनात उतरवता येते, असं लॅबमधल्या एकीने तिला सांगितलं होतं. तिने टेकलं. इंटरनेट नाही. गेल्या वर्षी मॅपकडून एक लांबलचक मेल आला होता, की तुमच्या हिंडण्याफिरण्याची नोंद इथून पुढे आमच्याकडे नाही, तुमच्याच फोनमध्ये राहील. रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता तिने होय दाबलं होतं. तुमच्याच फोनमध्ये, हे तेव्हा किती आपलेपणाचं वाटलं होतं. आपलं आपल्याजवळ. आता ते आपलं सगळं या फुगलेल्या डबीत होतं आणि डबीत एकवीस टक्के जीव होता. तिने पडद्याचा उजेड अगदी कमी केला आणि पदराची सावली धरली. परत दुकानात जायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिने ते तिथंच बसवलं. जाऊन काय, पुन्हा त्या दोघांच्या मध्ये उभं राहून कुठं गेली होती याचा हिशेब द्यायचा? ज्याला यायचं तो येईल फोन घेऊन.

सकाळी धाकट्या भावाचा, हेमराजचा, फोन आला होता. तोही याच जुन्या फोनवर, एका पेशंटच्या घरी सुई टोचण्याच्या ऐन वेळी. हेमराज म्हणाला, "बाई, सोमवारी डोंगा इकून राहिलो. गिऱ्हाईक येते. मी वापस नागपूरले जातो." डोंगा म्हणजे बापाची होडी. आणि माय? माय राहीन इथंच, तो म्हणाला, तिले कुठं यायचं हाय. मग म्हणाला, "पाण्यात काई नाही, बाई. बाची जागा-बिगा काई नव्हती. बानं तुले बी फसवलं." रंजूने सुई काढली, कापूस दाबायला सांगितलं, आणि नळीवर नाव लिहिलं.

बा म्हणजे फकिरा. पवनीच्या अलीकडे नदीकाठी त्यांचं गाव होतं, धरणाचं पाणी चढत गेलं तसं ते पुनर्वसनात वर आलं, आणि ढिवरांची मासेमारी वाहत्या नदीतून उभ्या पाण्यात आली. नदीत डोह असतात, धार असते, कुठं मासा बसेल ते पोराला कळतं. इथं मैलभर सपाट निळं. कित्येकांनी जाळी गुंडाळून ठेवली. फकिराच्या डोंग्यात मात्र रोज पहाटे रोहू असायचे, मरळ असायचे, आणि त्याला विचारलं तर तो विडी पेटवायचा. हेमराज नागपूरला कंपनीत लागला, नदीत काय ठेवलंय म्हणाला आणि गेला. मग म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू आला, एकदा काठावर पडला, आणि माय, जमुनाबाई, रंजूला फोनवर म्हणाली, "तू येत जा वो रविवारी. तो ऐकत नाही. डोंग्यात कोणी बसलेलं असलं म्हणजे मले खाली जीव राहीन." खाली जीव राहणं, म्हणजे घोर नसणं, ही मायची बोली. असे एकसष्ट रविवार झाले. सकाळची बस, दुपारी चारच्या सुमाराला डोंगा, संध्याकाळची शेवटची बस. सुट्टी खर्ची पडते म्हणून धनराज एकदा कुरकुरला होता, नंतर त्याने सोडून दिलं. त्या रविवारी फोन तिच्या ब्लाऊजमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असायचा आणि तिच्या नकळत नोंद करायचा. टॉवर धड नसल्याने रेघ मध्येच तुटायची, आणि एका रविवारी तर मॅपने भर पाण्यातल्या त्या फेरीला मोटारसायकलने, असं नाव दिलं होतं. ते पाहून ती बसमध्ये एकटीच हसली होती. बाला दाखवलं असतं तर तोही हसला असता, पण तिने दाखवलं नाही, कारण त्याचा एक नियम होता.

पाण्याकडं बोट दाखवायचं नाही. लहानपणी कितीदा हातावर फटका बसला होता. जागा सांगायची नाही, बोटाने तर नाहीच. "सांगत नसतेत," बा म्हणायचा. "नेतेत. ज्याले द्यायची त्याले डोंग्यात घालून नेतेत." आणि ढिवराच्या घरात पोरीला नेत नाहीत, ती उद्या दुसऱ्याच्या गावची. मग तिला कशाला नेलं होतं? जीव सांभाळायला, एवढंच? हा प्रश्न तिने बाप जिवंत असताना विचारला नाही. तो गेला भर मे महिन्यात, अंगणातल्या खाटेवर, कोरड्यात, दुपारची झोप झोपावी तसा. हेमराज नागपूर सोडून परत आला, डोंगा घेतला, आणि दोन महिन्यांनी विचारू लागला, बाई, बा तुले नेत होता, जागा सांग. तिने सांगितलं नाही, कारण तिला माहीतच नव्हतं. ही गोष्ट ती स्वतःशीसुद्धा उघड बोलत नसे. उघड्या पाण्यात कुठलीही जागा दुसऱ्या जागेसारखीच दिसते, आणि तिला तर बहुतेक वेळ पाण्याकडे पाहायलाच मिळालं नव्हतं. डोंग्याच्या फटीतून पाणी झिरपायचं. बा वल्हवता वल्हवता म्हणायचा, "डबा घे. खाली पाय. पाणी उपस." ती डालड्याचा डबा घेऊन वाकायची आणि खाली पाहत उपसायची, तो मागे उभा राहून काहीतरी करत असायचा, आणि ती सरळ झाली की डोंगा पुढे गेलेला असायचा. परतताना तो वल्हं तिच्या हाती द्यायचा आणि स्वतः पाय लांब करून बसायचा. त्याचा राग यायचा तिला. एवढ्या लांबून येऊन भंडाऱ्याची लॅब टेक्निशियन बापाच्या डोंग्यात पाणी उपसते, मान वर करायची सोय नाही.

शेवटी दिवाळीत तिच्याने राहवलं नाही. हेमराजच्या डोळ्यातलं पाणी खरं होतं की दारूचं, देव जाणे, पण तिने मॅप उघडला, एक रविवार काढला, जिथं डोंगा सगळ्यात जास्त वेळ थांबला होता तो ठिपका मोठा केला आणि त्याचा फोटो भावाला पाठवला. जिथं जास्त वेळ थांबला, तिथं जागा. लॅबच्या कामातसुद्धा ज्या घरी वेळ लागतो तिथं नस सापडत नसते म्हणून, हे तिला तेव्हा सुचलं नाही. हेमराजने तिथं तीन दिवस जाळं टाकलं. खाली बुडालेल्या बाभळींची खुंटं होती. मासा नाही, आणि जाळं चिंध्या होऊन वर आलं. तेव्हापासून तिच्या मनात दोन गोष्टी एकमेकींवर घासत होत्या. एक, की आपण पाण्याकडे बोट दाखवलं. दुसरी, की बोट दाखवून निघालं काय, तर काहीच नाही. चोरी करावी आणि पोतडीत दगड निघावेत. आणि त्या दगडांखाली एक तिसरी गोष्ट होती: बाने पोरगा तर पोरगा, पोरीलाही उघड्या पाण्यावर गोल गोल फिरवून आणलं, एकसष्ट वेळा, आणि ते एकसष्ट रविवार म्हणजे म्हाताऱ्याने बाईमाणसाची काढलेली समजूत. हे खरं असेल तर राजकुमारला पिन देऊन टाकावा. खरं असेल तर पुसूनच जावं. पण तिला ते खरं असू द्यायचं नव्हतं, आणि तिच्या असू न देण्याला अजून सतरा टक्के उरले होते.

नेट नसल्यामुळे एक झालं होतं. मॅपच्या खालचा नकाशा उमटतच नव्हता. एरवी तिचे रविवार त्या मोठ्या निळ्यावर दिसायचे आणि निळंच डोळ्यात भरायचं. आता पाणी नव्हतं, धरण नव्हतं, रस्ते नव्हते. पांढऱ्यावर नुसत्या तिच्या रेघा होत्या आणि ती थांबली ते ठिपके. पहिल्यांदाच तिने त्या रेघांकडे पाहिलं. थांबे दर वेळी वेगळे होते. एका रविवारी पार डावीकडे वीस मिनिटं, पुढच्या रविवारी उजवीकडे अर्धा तास, कुठं काही मेळ नाही. त्या थांब्यांवर काय व्हायचं ते तिला आठवू लागलं. बा विडी ओढायचा. मोठ्याने खाकरायचा. फाटकं जाळं सोडून त्याला थर्माकोलचा पांढराशुभ्र तुकडा बांधायचा, काठावरूनही दिसेल असा. काठावर नेहमी कुणी ना कुणी असायचंच, दुसऱ्या डोंग्यातलं, दुसऱ्या घरातलं, उन्हात हात कपाळावर धरून पाहत असलेलं. मग ते थांबे कुणासाठी होते? तिने पर्स उघडली. नळ्यांवर लिहायचं काळं मार्कर पेन होतं, ते काढलं आणि फोनच्या काचेवर सरळ दोन ठिपके दिले: एक पुनर्वसनातल्या घराच्या खुणेवर, एक जिथं डोंगा बांधायचे त्या काठावर. दिवस बदलला की मॅप सरकायचा, आणि ती तो बोटाने पुन्हा असा बसवायची की दोन्ही खुणा दोन्ही काळ्या ठिपक्यांखाली येतील. हे ती कुठं शिकली होती? बा पाण्यात असंच करायचा. हे झाड त्या टेकडीच्या आड आलं, तो खांब त्या देवळाला टेकला, म्हणजे आपण बरोबर आलो. दोन खुणा जुळल्या की तिसरी जागा सापडते. तिने रविवारावर रविवार उलटले. पंधरा टक्के. चौदा. आणि मग तिला दिसलं की थांबे दर वेळी हलतात, पण रेघ त्याच तीन ठिकाणी दर वेळी वाकते. थांबत नाही. वाकते, जराशी, चालता चालता मान वळवावी इतकीच. तिने त्या तिन्ही ठिकाणी काचेवर ठिपके दिले आणि पुढचा रविवार खाली सरकवला. रेघ आली आणि तिन्ही ठिपक्यांखालून गेली. त्याच्या पुढचा. त्याच्याही पुढचा.

डबा घे. खाली पाय. ती वाकलेली असताना तो काय करत होता ते आता तिच्या हातांना कळलं, डोक्याला नंतर कळलं. डोंगा न थांबवता, पलीकडच्या बाजूने, काठावरच्यांना आडोसा करून तो खरं जाळं पाण्यात सरकवून देत होता, दगड बांधून, वर काही खूण न ठेवता. थांबला असता तर सगळ्यांना कळलं असतं. वाकायला लावलं नसतं तर तिलाही कळलं असतं, आणि तिचा चेहरा लहानपणापासून सगळ्यांना वाचता यायचा, हे बापाइतकं कुणाला माहीत होतं. एका दिवसाच्या नोंदीत ही जागा कधी सापडली नसती. एका दिवसाची नोंद म्हणजे खुंटं आणि चिंध्या. तिला सगळे रविवार हवे होते, एकूण एक.

आणि तरी तीन ठिपके म्हणजे पाण्यातली तीन टिंबंच होती. तिथं मासा कशाला बसेल? बारा टक्के होते, आणि शहाण्या बाईने फोन बंद करून ठेवला असता. रंजूने तारीख मागे नेली, खूप मागे, आठ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. गाव तेव्हा अजून खालीच होतं. पुनर्वसनाचे प्लॉट पडले होते आणि बाने तिला तेही दाखवायला नेलं होतं, म्हणून त्या दिवशीच्या नोंदीत दोन्ही होती, वरची नवी जागा आणि खालचं जुनं घर. तिने वरची जागा आणि खाली गावाकडे उतरणारं ते वळण, जिथं आता डोंग्याचा काठ होता, काळ्या ठिपक्यांखाली बसवलं. मग काचेवर पाहिलं. जुन्या घराचा ठिपका, जिथं ती त्या दिवाळीत तीन दिवस राहिली होती, तो तिसऱ्या वाकणाखाली येऊन बसला होता. मधे पाणी नव्हतं. मॅपला नेट नव्हतं, म्हणून मधे पाणी नव्हतं, आणि बा आपल्या अंगणावरून जात होता.

अंगण. तिथून पूर्वेला शाळेचं पटांगण, ते दुसरं वाकण. अंतर बरोबर तेवढंच, ती रोज पळत जायची. आणि शाळेच्या मागे गावाचं खळं, जिथं धानाचे भारे झोडपायचे आणि मायसोबत ती दाणा झाडून गोळा करायची, ते पहिलं. एका रविवारी बा डोंग्यात, कुणाशीच नाही असं, म्हणाला होता, "जाळं अशा जागी टाकावं जिथं आपण झाडलं असन." तिला वाटलं होतं म्हातारा बरळतोय. घर पाण्यात जायच्या आधी त्याने स्वतः ते उतरवलं होतं. लाकूड, छपरावरचे कवेलू, विटा वर नेल्या, खांब उपटले, खड्डे बुजवले. खाली खुंट नाही, काटा नाही, दगड नाही. शेणाने सारवलेली सपाट जमीन. जाळं फाटणार कुठं? भोवती सगळीकडे बाभळी-येणाची बुडालेली झाडं, पडक्या भिंती, तिथं मासा लपतो पण जाळं पोचत नाही. आणि मध्ये ही मोकळी चौकट, जिथं तो संध्याकाळी बाहेर येतो. सगळ्या गावाच्या जमिनीत साफ जागा तीनच होत्या आणि त्या तिन्ही साफ कुणी केल्या होत्या? सकाळी उठून अंगण कोण झाडत होतं? शाळेचं पटांगण मुलींनी झाडायचं, मुलांनी फक्त घंटा वाजवायची, हा नियम कुणाच्या पाठीवर होता? हेमराजने आयुष्यात हातात खराटा धरला नाही. बाने त्याला नेलं नाही ते नागपूरला गेला म्हणून नव्हे, आणि तिला नेलं ते जीव सांभाळायला नव्हे. ती एवढ्या जोराने रडली की पलीकडच्या बाकावरचा माणूस उठून लांब गेला. त्याने जावं. तिला कुणाची भीड वाटली नाही.

धनराज आला तेव्हा अकरा टक्के होते. स्कूटर लावून, नवा फोन डब्यासकट हातात घेऊन तो तिच्या शेजारी बसला. "दुकानदार म्हणाला, वहिनीले काई लपवायचं हाय का त्याच्यात," तो म्हणाला. "मी म्हटलं, लपवायचं असतं तर पुसू दिलं असतं."

रंजूने त्याच्याकडे पाहिलं. हे त्याने दुकानात म्हटलं होतं, तिच्या माघारी. बरं वाटलं तिला, पण आत्ता बरं वाटायला वेळ नव्हता. "त्याचं नेट चालू करा. माह्या जुन्याले जोडा."

"रंजू, खरं सांगू का. मले हे आवडत नाही. कोणीतरी माणसाची पावलं न् पावलं लिहून ठेवते. कंपनीले सगळं माहीत असते."

"असू द्या. कंपनीले माहीत हाय मी कुठं जात होती. तुमाले माहीत हाय. दुकानदाराले वाटते त्यालेही माहीत हाय. मंग मलेच काहून नोको?"

धनराजने नव्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं. तिने ढगावर बोट टेकलं. एक गोल फिरू लागला. नऊ टक्के. गोल फिरत राहिला. बोलल्याने टक्के कमी होतात असं वाटावं अशी ती वेळ. सात झाले तेव्हा पडदा एकदा काळा झाला आणि रंजूच्या तोंडातून बा, असं निघालं. पडदा परत उजळला. पाचवर ढगात बरोबरची खूण आली. तिने नवा फोन उघडला, त्याच्यातल्या ढगावर टेकलं, जुन्या फोनचं नाव निवडलं, आणि कोऱ्या पांढऱ्यावर एकेक महिना भरत गेला. आधी गेल्या आठवड्यातली रक्ताची घरं, मग लग्नं, बारशी, दवाखाने, आणि मग ते रविवार, निळ्या पाण्यासकट.

"हे पाय," धनराज पडद्याजवळ वाकून मास्तरासारखं वाचू लागला. "तीन महिन्यांहून जुनं आपोआप पुसते म्हणते. ठेवू असंच?"

"काईच पुसायचं नाही. ते बंद करा."

त्याने बंद केलं. मग त्याची नजर जुन्या फोनच्या काचेवरच्या काळ्या ठिपक्यांवर गेली आणि तो म्हणाला, "हे काय?" रंजू म्हणाली, "काई नाही," आणि पदराने काच पुसून काढली. ज्या गोष्टीसाठी ती दुपारभर भांडली होती तीच तिने एका हाताने पुसली, आणि तिला हसू आलं. तिन्ही जागा आता तिला पाठ होत्या. जुना फोन तीन टक्क्यांवर होता. तिने तो स्वतःच बंद केला, राजकुमारने नव्हे, आणि धनराजच्या हातात दिला. "द्या त्याले नेऊन. पिनही सांगा."

धनराज स्कूटरकडे गेला. नव्या फोनवर तिने पहिला नंबर हेमराजचा लावला.

"बोल, बाई."

"डोंगा इकू नोको."

"आता काय झालं? आन् फोटो पाठवू नोको. एकदा पाठवला तेच लय झालं. जाळं गेलं माहं."

"फोटो नाही पाठवत. उद्या रविवार. मी सकाळच्या गाडीनं येते. मायले सांग, भाकर टाक म्हणा."

तिकडे वारं ऐकू येत होतं. हेमराज बहुतेक काठावरच होता. मग त्याचा आवाज हळू झाला, लहानपणी फटका खाऊन यायचा तेव्हासारखा. "बाई, तुले माहीत हाय का जागा? खरं सांग."

"हाय."

"मंग फोनवरच सांग ना. तू कायले एवढ्या दुरून येतं?"

"सांगत नसतेत. नेतेत."

"कोण नेईन? वल्हं कोण मारन?"

"मी मारीन. जाळंही मीच टाकीन. डालड्याचा डबा हाय ना अजून डोंग्यात?"

"हाय. कायले?"

"घासून ठेव," रंजू म्हणाली. "उद्या तू खाली पाहून पाणी उपसशील."